गर्भ घडताना एन्झाइम नक्की काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला बारावी आणि बीएस्सीच्या मुलांना झूलॉजी शिकवते, कॉलेज रोडला क्लास आहे. भ्रूणविज्ञानाचं युनिट सुरू झालं की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, आणि आता मुलांच्या आयापण विचारायला लागल्यात, कोणाची सून गरोदर असते कोणाची बहीण, मधूनच एखादे पोल्ट्रीवाले काका नाहीतर द्राक्षबागायतदार पालक. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. औषधांबद्दल जे लिहिलंय ते समजून घेण्यासाठी आहे, कुठलीही गोळी सुरू करायची किंवा बंद करायची ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

एन्झाइम म्हंजे पचनाला लागतात ते ना? बाळाच्या घडणीशी त्यांचा काय संबंध?

शाळेत लाळेतलं अमायलेज आणि जठरातलं पेप्सिन एवढंच डोक्यात बसतं म्हणून असं वाटतं. एन्झाइम म्हंजे पुस्तकातलं विकर, बहुतेक वेळा एक प्रोटीन, जे एखादी ठराविक रासायनिक क्रिया प्रचंड वेगानं घडवतं आणि स्वतः संपत नाही. ती क्रिया भाकरीतला स्टार्च तोडायची असेल, तशीच दुसऱ्या प्रोटीनवर एक छोटीशी खूण चिकटवायची, ती खूण काढायची, किंवा एखादं प्रोटीन बरोब्बर एका जागी कापायची पण असू शकते. गर्भात ही दुसरी कामं जास्त महत्त्वाची.

आणि सुरुवात अगदी पहिल्या क्षणापासून होते. शुक्राणू बीजांडात शिरतो तेव्हा तो सोबत एक एन्झाइम घेऊन येतो, फॉस्फोलायपेज सी झीटा नावाचं. त्याच्यामुळे बीजांडाच्या आत साठवलेलं कॅल्शियम लाटेसारखं सुटतं, मग कॅल्शियमवर चालणारं एक काइनेज (दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं आणि इतके दिवस अर्धवट थांबलेलं बीजांड आपलं विभाजन पूर्ण करतं. त्याच कॅल्शियममुळे बीजांडाच्या कडेच्या पिशव्या फुटतात, त्यातलं ओव्हास्टॅसिन हे कापणारं एन्झाइम बाहेरच्या कवचातलं एक प्रोटीन कापून टाकतं, आणि मग दुसऱ्या शुक्राणूला तिथे चिकटायला जागाच राहत नाही. म्हंजे आपण सगळे जे इथे आहोत ते या एन्झाइमांनी आपापलं काम केलं म्हणून.

सिग्नलिंग म्हंजे पेशी एकमेकींशी बोलतात का?

हो, पण रसायनांनी. एक पेशी एखादं प्रोटीन बाहेर सोडते, शेजारचीच्या अंगावर त्याला पकडणारा रिसेप्टर असतो, तो पकडतो आणि आत निरोप पोचतो, शेवटी केंद्रकातले कुठले जीन चालू कुठले बंद हे बदलतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते हे की माशीपासून माणसापर्यंत सगळ्यांची शरीरं घडवायला सिग्नलची मोजकीच घराणी वापरली जातात, विंट, हेजहॉग, नॉच, बीएमपीचं कुटुंब, एफजीएफ अशी (पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत शिवाय रेटिनोइक ॲसिड). तोच हेजहॉग मज्जारज्जूत वापरला जातो आणि तोच हाताच्या बोटांत. मग एकाच निरोपाचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा कसा? थोडं कारण ऐकणाऱ्या पेशीत आहे, ती आधी काय झाली आहे यात. आणि बरंचसं कारण आहे की निरोप कधी सुटला, किती लांब गेला, किती वेळ टिकला, आणि हे ठरवतात एन्झाइम.

सगळं जीनमध्ये लिहिलेलंच असतं ना? मग एन्झाइमना एवढं महत्त्व कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. आपल्या नाशिकचंच बघा. गंगापूर धरणात पाणी आहे हे खरं, पण पंचवटीत काय होणार ते धरण भरलंय एवढ्यावरून कळत नाही, दरवाजे किती उघडले, किती तास उघडले, विसर्ग किती क्युसेकनं चाललाय यावरून कळतं. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे, पावसाळ्यात अख्खं शहर एकमेकांना विचारतं मारुतीच्या कुठपर्यंत आलं. गुडघ्याला आलं तर लोक बघायला जातात, कमरेला आलं की काठावरचे टपरीवाले सामान हलवतात, गळ्याला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. पाणी तेच, पातळी वेगळी, आणि पातळीप्रमाणे माणसं वेगळी वागतात.

गर्भात हुबेहूब हेच आहे. ज्या रसायनाच्या कमीजास्त प्रमाणावरून पेशी आपण काय व्हायचं ते ठरवतात त्याला मॉर्फोजेन म्हणतात, हा शब्द गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनी १९५२ मध्ये वापरात आणला. जास्त मिळालं तर एक प्रकारची पेशी, मध्यम मिळालं तर दुसरी, नाहीच मिळालं तर तिसरी. जीन हे धरण आहे, ते नसेल तर काहीच नाही. पण दरवाजावर एन्झाइम बसलेत. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं, की गर्भात निरोप थोडेच असतात, त्यातून एवढं गुंतागुंतीचं शरीर निघतं ते निरोप सोडणाऱ्या, अडवणाऱ्या आणि पुसणाऱ्या एन्झाइमांमुळे.

काइनेज आणि फॉस्फटेज यात मुलं नेहमी गोंधळतात, सोपं करून सांगा ना.

काइनेज प्रोटीनवर फॉस्फेट लावतं, फॉस्फटेज ते काढतं. बस एवढंच. पण फॉस्फेटवर ऋण भार असतो, तो एका जागी चिकटला की प्रोटीनचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की काम बदलतं, झोपलेलं जागं होतं किंवा जागं असलेलं झोपतं. एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर या दोघांनी १९५० च्या दशकात स्नायूतल्या ग्लायकोजेनवर काम करताना हे लावणं-काढणं शोधलं, त्यासाठी त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. माणसात पाचशेहून जास्त काइनेज आहेत.

गर्भातलं उदाहरण द्यायचं तर विंटचा सिग्नल. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन पेशीत सतत तयार होत असतं आणि जीएसके-३ हे काइनेज त्याच्यावर फॉस्फेट लावून लावून त्याला कचऱ्यात पाठवत असतं. तयार करायचं आणि लगेच मोडायचं, सारखं चालू. विंट आला की हे काइनेज अडतं, बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात जातं आणि जीन चालू होतात. मुलं विचारतात मोडायचंच तर बनवायचं कशाला, एवढी उधळपट्टी का? कारण असं की शून्यातून बनवायला वेळ लागतो, आणि मोडणं थांबवलं की माल लगेच हातात असतो. गर्भात वेळेला फार किंमत आहे. लिथियम हे जीएसके-३ ला अडवतं, बेडकाच्या अगदी कोवळ्या गर्भाला लिथियम दिलं तर जीएसके-३ बंद पडतं, पेशींना वाटतं सगळीकडे विंट आलाय, आणि गर्भात पाठीकडचे आणि डोक्याकडचे भाग नको तितके वाढतात.

माणसात काय होतं विचाराल तर दोन उदाहरणं सांगते. एफजीएफआर-३ हा रिसेप्टर स्वतःच काइनेज आहे आणि हाडांच्या वाढीला तो ब्रेक लावतो. त्याच्यात एक अक्षर बदललं की ब्रेक दाबलेलाच राहतो आणि हातपाय आखूड राहतात, त्याला अकॉन्ड्रोप्लाझिया म्हणतात. अशी बहुतेक मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांना होतात, बदल नव्यानं झालेला असतो, कोणाच्या खाण्यापिण्याची किंवा वागण्याची त्यात चूक नसते, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे आईला बोल लावायची घाई फार असते. दुसरं नूनन सिंड्रोम, त्यात साधारण निम्म्या जणांत एसएचपी-२ हे फॉस्फटेज गरजेपेक्षा जास्त चालतं आणि हृदयाची झडप, चेहरा, उंची यावर परिणाम दिसतो. बघा, एकात काइनेज जास्त, एकात फॉस्फटेज जास्त, म्हणून काइनेज म्हंजे चालू आणि फॉस्फटेज म्हंजे बंद असं पाठ करू नका. कुठल्या प्रोटीनवर फॉस्फेट लावलं आणि ते लागल्यावर त्या प्रोटीनचं काय झालं हे बघायचं.

पाठ कुठली आणि पोट कुठलं हे गोळ्यासारख्या गर्भाला कसं कळतं?

याचं उत्तर आधी केळ्यावर बसणाऱ्या चिलटात सापडलं, म्हंजे ड्रॉसोफिलात. क्रिस्टियाना न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी जर्मनीत हायडेलबर्गला हजारो म्युटंट माश्यांच्या अळ्या डोळ्यांनी तपासल्या, १९८० साली तो पेपर आला आणि १९९५ चं नोबेल त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत मिळालं. पुढे अशा माद्या सापडल्या की त्यांच्या पिल्लांना पोटच नाही, चारी बाजूंनी पाठ. ज्या जीनमध्ये बिघाड होता ते एकेक करून उलगडले तर त्यात एका पाठोपाठ एक कापणारी एन्झाइम निघाली, प्रोटिएज. अंड्याच्या कवचाच्या आत, पोटाच्या बाजूला, एक प्रोटिएज दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, त्यांची नावं स्नेक आणि ईस्टर वगैरे आहेत. शेवटचं ईस्टर हे स्पेट्झल नावाचं प्रोटीन कापतं, कापलेला तुकडा टोल या रिसेप्टरला जाऊन बसतो, आत पेले नावाचं काइनेज कामाला लागतं, कॅक्टस नावाचं अडवून धरणारं प्रोटीन मोडलं जातं आणि डॉर्सल नावाचं प्रोटीन केंद्रकात शिरतं. जिथे खूप शिरलं तिथे पोट, जिथे शिरलंच नाही तिथे पाठ. दुतोंड्या मारुती आठवा.

टोल रिसेप्टर तर अंड्याच्या सगळ्या बाजूंनी आहे, मग निरोप फक्त पोटाकडेच का? कारण अंडं तयार होत असताना आईच्या अंडाशयातल्या एका बाजूच्या पेशींनी पाइप नावाच्या एन्झाइमनं कवचातल्या प्रोटीनवर सल्फेट लावून ठेवलेलं असतं, आणि कापाकापीची साखळी त्या सल्फेटवाल्या बाजूलाच सुरू होते. आईच्या शरीरातल्या एका एन्झाइमनं लावलेली खूण, आणि त्यावरून लेकराचं पोट ठरतं. मी हे वीसेक वर्षं शिकवतेय तरी दरवेळी या वाक्याशी थांबते.

बोट कापलं की रक्त गोठतं ना, तिथेही एका प्रोटिएजनी दुसऱ्याला कापायची अशीच साखळी असते. छोटी सुरुवात मोठी करायची आणि ती चुकीच्या जागी पसरू द्यायची नाही, दोन्ही कामांना ही पद्धत उपयोगी पडते.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत गोष्ट थोडी वेगळी आहे. १९२४ मध्ये हिल्डे मॅन्गोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी पाण्यातल्या न्यूट या प्राण्याच्या गर्भाचा एक छोटासा तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे लावला आणि तिथे दुसरं अख्खं शरीर उगवायला लागलं, पाठीचा कणा, मेंदू सगळं. त्या तुकड्याला ऑर्गनायझर म्हणतात. हे हातांनी करणारी हिल्डे त्याच वर्षी एका अपघातात गेली, नोबेल श्पेमानना १९३५ मध्ये मिळालं. तिचं नाव वर्गात घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. आता कळलंय की ऑर्गनायझर कॉर्डिन नावाचं प्रोटीन सोडतो, ते बीएमपीला मिठी मारून अडकवून ठेवतं, आणि बीएमपी अडकला की तिथे पाठ आणि मज्जासंस्था होते. पण मग दूर पोटाकडे बीएमपी मोकळा कसा राहतो? टॉलॉइड नावाचं कापणारं एन्झाइम कॉर्डिनला कापतं आणि बीएमपीला सोडवतं. तेच एन्झाइम माशीतही आहे, फक्त तिथे तो सिग्नल पाठ बनवतो आणि आपल्यात पोट. म्हणून झिंग्याची मज्जारज्जू पोटाकडून जाते आणि आपली पाठीकडून.

प्रॅक्टिकलला कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड असतात त्यात मधोमध चौकोन चौकोन दिसतात ते काय?

सोमाइट. त्यातूनच मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. चोवीस तासांच्या स्लाइडवर साधारण चार जोड्या मोजता येतात आणि तेहेतीस तासांच्यावर दहाच्या आसपास. आता हिशोब करा, मधे नऊ तास गेले, सहा जोड्या वाढल्या, म्हंजे दर दीड तासाला एक. हा आकडा खरंच तेवढाच आहे, कोंबडीत दर ९० मिनिटांनी एक जोडी. झेब्राफिशमध्ये अर्धा तास, उंदरात दोन तास, माणसात साधारण पाच. १९९७ मध्ये कोंबडीच्या गर्भातच कळलं की शेपटीकडच्या पेशींत एक जीन त्याच तालावर चालू-बंद होत असतो, अक्षरशः घड्याळ.

त्या घड्याळात नॉच आहे. नॉच हा पेशीच्या अंगावरचा रिसेप्टर, शेजारणीनं स्पर्श केला की त्याला दोनदा कात्री लागते, आधी बाहेरून एडीएएम कुटुंबातलं एन्झाइम कापतं आणि मग पडद्याच्या आत गॅमा-सिक्रिटेज. कापलेला आतला तुकडा सरळ केंद्रकात. मधे कोणी निरोप्या नाही, रिसेप्टर स्वतःच कापून घेतो आणि स्वतःच निरोप होतो. शिवाय फ्रिंज नावाचं एन्झाइम नॉचवर साखरेचा रेणू लावून त्याला कोणाचं ऐकायचं कोणाचं नाही हे बदलतं, आणि या फ्रिंजमध्ये दोष असला की मणके वेडेवाकडे, बरगड्या जोडलेल्या अशी मुलं जन्माला येतात.

ज्यांना पुढे फार्मसीला जायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा, हेच गॅमा-सिक्रिटेज अल्झायमरमध्ये साठणारं अमायलॉइडही कापून बनवतं. म्हणून त्याला अडवायचं औषध काढलं, पण नॉचपण अडला, त्वचेचे कॅन्सर वाढलेले दिसले आणि आजारही सुधारला नाही, चाचणी थांबवावी लागली. गर्भात शिकलेली कात्री आयुष्यभर चालू असते.

गरोदरपणी तूप भरपूर खाल्लं तर बाळाचे सिग्नल चांगले होतात असं आमच्या सासूबाई म्हणतात, कोलेस्टेरॉल लागतं म्हणे?

कोलेस्टेरॉल लागतं हे खरं आहे, आणि फार सुंदर कारणासाठी लागतं. सॉनिक हेजहॉग हे प्रोटीन स्वतःला मधोमध कापतं आणि कापलेल्या टोकाला कोलेस्टेरॉल चिकटवून घेतं, दुसऱ्या टोकाला एक एन्झाइम चरबीचा रेणू लावतं. हे झाल्यावरच तो सिग्नल नीट पसरतो. चेहऱ्याचे दोन भाग, मेंदूचे दोन अर्धगोल, हाताची पाच बोटं, सगळीकडे तो हवा. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढपाळांच्या मेंढ्यांना कपाळावर एकच डोळा असलेली कोकरं व्हायला लागली, शोध घेतल्यावर कळलं की मेंढ्या गाभण असताना डोंगरातली एक विषारी वनस्पती खात होत्या, आणि त्यातलं सायक्लोपामाइन हेजहॉगचा निरोप अडवत होतं. पुढे त्याच धाग्यावरून त्वचेच्या एका कॅन्सरवर औषधं निघाली.

माणसात स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ नावाचा आजार आहे, त्यात कोलेस्टेरॉल बनवायच्या शेवटच्या पायरीवरचं एन्झाइम कमी पडतं आणि बाळाच्या मेंदूवर, चेहऱ्यावर, पायाच्या बोटांवर परिणाम होतो. पण यावरून वाटीभर तूप प्यायचा निष्कर्ष निघत नाही. निरोगी शरीर स्वतः पुरेसं कोलेस्टेरॉल बनवतं, बाळही बनवतं. सासूबाईंना सांगा वरणभातावर चमचाभर छान आहे. आणि कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

पिंपल्सच्या गोळ्यांनी बाळाला धोका असतो का?

सगळ्या नाही, पण आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळीनं नक्की असतो आणि मोठा असतो. माझ्या क्लासमधल्या मुलींना, त्यांच्या नुकतं लग्न झालेल्या बहिणींना हे माहीत असावं असं मला फार वाटतं. गर्भात व्हिटॅमिन ए पासून रेटिनोइक ॲसिड बनतं, त्याचं शेवटचं पाऊल रॅल्डीएच-२ हे एन्झाइम टाकतं, ते फक्त ठराविक ठिकाणीच असतं. आणि दुसऱ्या ठिकाणी सीवायपी-२६ कुटुंबातली एन्झाइम असतात, ती रेटिनोइक ॲसिड मोडतात. एकीकडे नळ, एकीकडे मोरी, म्हणून मधे चढउतार तयार होतो आणि त्यावरून मेंदूच्या मागच्या भागाचे कप्पे, हृदय, हातापायांच्या जागा ठरतात. गोळी घेतली की रेटिनोइक ॲसिडसारखं औषध सगळीकडे एकसारखं पसरतं, पुसणारी एन्झाइम पुरी पडत नाहीत, चढउतारच बुडतो. कान, मेंदू, हृदय यात गंभीर दोष येतात. गोळी बंद केल्यावर निदान एक महिना तरी गर्भ राहू देऊ नये असं सांगितलं जातं. मेडिकलमधून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी आणणं कृपया करू नका.

फॉलिक ॲसिड दिवस गेल्यावर सुरू केलं तर चालत नाही का?

सुरू करायचंच, पण आधीपासून असलं तर खरा उपयोग. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचं पण नीट कळलेलं नसतं. फोलेट हे काही एन्झाइमांना डीएनएचे तुकडे आणि मिथाइलच्या खुणा बनवायला लागतं, आणि त्या दिवसांत पेशी झपाट्यानं वाढत असतात. १९९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की आधी ही नळी नीट बंद न झालेलं मूल झालेल्या बायकांनी फॉलिक ॲसिड घेतलं तर पुढच्या खेपेचा धोका खूपच कमी होतो. साधारण सल्ला असा की मूल हवं असेल तर महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, काहींना जास्त डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या खेपेला मला हे कोणी आधी सांगितलं नाही, तिसऱ्या महिन्यात चिठ्ठीवर आलं. मुलगी चांगली झाली, पण शिकवताना मला दरवेळी ते आठवतं, म्हणून मी लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला सांगते.

फोलेट वापरात आणणाऱ्या एमटीएचएफआर नावाच्या एन्झाइमची टेस्ट हल्ली कोणी कोणी करायला सांगतं, त्यात फरक निघाला तरी साधं फॉलिक ॲसिड चालतं, घाबरून जाऊ नका.

ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, हे खरं का?

नाही. वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्यात. दोन्हीकडून पेशींचे उंचवटे वाढत येतात आणि मधे भेटतात, ती भेट हेजहॉग, बीएमपी, एफजीएफ, विंट या सगळ्यांच्या सिग्नलवर अवलंबून असते. भेट हुकली की फट राहते. अनुवंशिकता, आईचं धूम्रपान, आटोक्यात नसलेला डायबेटिस, फिट्सची काही औषधं यांनी धोका वाढतो. फिट्सचं व्हॅल्प्रोएट हे हिस्टोन डीॲसिटिलेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, त्यानं मज्जानळीचेही दोष होऊ शकतात, पण म्हणून ते मनानं बंद करायचं नाही, फिट येणंही आई-बाळाला धोक्याचं, डॉक्टर बदलून देतात. सुरीचा आणि सावलीचा संबंध नाही. ज्या आईच्या बाळाला असा ओठ आहे तिला ग्रहणात काय केलं होतंस असं विचारू नका, ऑपरेशननं तो चांगला दुरुस्त होतो.

थॅलिडोमाइडनं नक्की काय बिघडलं होतं?

हे झोपेचं औषध १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलं, उलट्या-मळमळीसाठीही बायकांना दिलं गेलं, १९६१ मध्ये मागे घेतलं, तोवर दहा हजारांच्या आसपास मुलं हातपाय आखूड किंवा नसलेली जन्माला आली होती. कारण कळायला २०१० उजाडलं. पेशीत टाकाऊ प्रोटीनवर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी लावणारी एन्झाइम असतात, चिठ्ठी लागली की ते प्रोटीन मोडलं जातं. थॅलिडोमाइड त्यातल्या सेरेब्लॉनला चिकटतं आणि मग ते एन्झाइम चुकीच्या प्रोटीनवर चिठ्ठी लावायला लागतं, त्यातलं एक एसएएलएल-४, जे हातापायांच्या घडणीला लागतं, हे २०१८ मध्ये कळलं. उंदराचं सेरेब्लॉन थोडं वेगळं आहे म्हणून उंदरांवर हा परिणाम दिसत नाही.

हाताची बोटं सुटी कशी होतात?

आधी हात वल्ह्यासारखा असतो, बोटांच्या मधल्या पेशी कॅस्पेज नावाच्या एन्झाइमांनी आतून स्वतःला मोडून टाकतात. बदकाच्या पायात तो मरणाचा निरोप अडवला जातो म्हणून पडदा राहतो.

आमची पोल्ट्री आहे, अंडी चार-पाच दिवस गार खोलीत ठेवून मग मशिनला लावली तरी पिल्लं निघतात, मधे गर्भ मरत का नाही?

काका, अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशींची चकती तयार असते. साधारण वीस-एकवीस अंशांच्या खाली एन्झाइमांचा वेग इतका पडतो की घडण थांबते, सगळे सिग्नल एकदमच थांबतात म्हणून गोंधळ होत नाही. ३७.५ अंशाला लावलं की जिथे थांबलं तिथून पुढे, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू. खरी भीती अर्धवट उबेची, नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी खोली तापली की काही क्रिया पुढे जातात काही मागे राहतात आणि गर्भ दुबळा होतो. म्हणून साठवणीची खोली १५ ते १८ अंशाला ठेवा आणि आठवड्याच्या वर ठेवू नका.

द्राक्षात पण गर्भ असतो का? मग सीडलेसचं काय?

दिंडोरी-निफाडकडच्या पालकांचा हा प्रश्न. असतो, बीमध्ये. थॉमसन सीडलेसमध्ये फलन होतं, पण गर्भ आणि बी थोडं वाढून मधेच थांबतं. वाढतं बी जिबरेलिन नावाचं संप्रेरक पुरवतं आणि त्यावर मणी फुगतो, बी थांबलं की पुरवठा कमी, मणी बारीक. म्हणून तुम्ही घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) पाण्यात बुडवता, न वाढलेल्या बीचा निरोप तुम्ही बादलीतून देता. झाडात स्वतःचं जिबरेलिन बनवणारी एन्झाइम वेगळी आणि ते निकामी करणारी वेगळी, परत नळ आणि मोरीच. म्हणून डिपिंगची वेळ आणि पीपीएम चुकला की नुकसान होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.

घरी गर्भ बघता येईल का?

दुकानातल्या अंड्यात नाही, ती फलित नसतात. गावठी कोंबडी कोंबड्यासोबत असेल आणि खुडूक बसली असेल तर पाचव्या दिवशी रात्री अंधार करून अंडं हळूच उचला, जाड टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा आणि मधे एक काळा ठिपका दिसेल, तो डोळा. अर्ध्या मिनिटात परत कोंबडीखाली ठेवा, गार होऊ देऊ नका, आणि दिसलेलं लगेच वहीत काढा, तारीख आणि दिवस घालून.